आसरांचा दगड

सदतीस वर्षं मी काकासाहेबांच्या खालच्या वावरात पाऊल टाकलं नाय. वरच्या वावरात मेंढरं बसवली, मधल्यात बसवली, पण त्या शेंदराच्या दगडाच्या खाली कधी गेले नाय. गावातल्या बाया म्हणायच्या, म्हाळसाबाईला आसरांचं लई भ्या. मी म्हणायची, व्हय, हाय भ्या. पाण्यातल्या त्या सात बायांना कोण भीत नाय गं? पण खरं भ्या कशाचं, ते कुणी नीट इचारलं नाय, आन् मी बी सांगितलं नाय.

आता सांगते. मधी बोलू नका, मला लगेच राग येतो.

आमचं गाव खांबवाडी. दौलताबादच्या किल्ल्याची एक बाजू आमच्या वट्यावरून दिसते. आम्ही धनगर. मूग निघून वावर मोकळं झालं की शेतकरी आम्हाला बोलावतो. आम्ही त्याच्या वावरात वाघूर लावतो, म्हणजे खुंट्या ठोकून दोरीची जाळी, आन् तिच्या आत रातीला मेंढरं बसवतो. लेंड्यांनी जमीन खतावते, शेतकरी आम्हाला दाणे देतो. मेंढरं काय, कुणी बी चारतं. वाघूर कुठं लावायची, त्याला अक्कल लागते. वारा कुठून येईल, लांडगा कुठून येईल, पाणी कुठून येईल, सगळं बघावं लागतं. माझा सासरा धोंडिबा या कामात नावाजलेला. चार वाड्यांची माणसं आपली मेंढरं त्याच्या भरवशावर सोडायची.

त्या साली भाद्रपदात गार वारा सुटला व्हता. खालचं वावर खोलगट, ओढ्याच्या वाकणाला लागून, तिथं वारा लागत नाय. सासऱ्यानं वाघूर थेट तळाशी लावली, बाभळीजवळ. माझा नवरा भिकन म्हणाला, "बा, ओढ्याच्या लई जवळ व्हतंय." सासरा म्हणाला, "आभाळात ढग तरी हाय का?" नव्हता. एक बी नव्हता.

माझी पयली लेक ठकू तवा आठ म्हयन्यांची. मी तिची झोळी त्या बाभळीच्या फांदीला बांधली. माझ्या हातानं दोन गाठी मारल्या आन् काकासाहेबांच्या घरी दाणे आणायला वर गेले. दिवस बुडायला आला व्हता. काकासाहेबांच्या आई, द्वारकाबाई, माझ्या वटीत बाजरी घालत व्हत्या, तेवढ्यात खालून आवाज आला, जत्रेत लई बैलगाड्या एकदम सुटल्यावर येतो तसा. पाऊस पडला व्हता तिकडं वेरूळच्या डोंगरात. आमच्यावर थेंब नाय. मी पळत आले तर खालचं वावरच नव्हतं. नुसतं तांबडं पाणी, आन् त्यात बाभळीचा शेंडा. घटकाभरात पाणी आलं आन् घटकाभरात उतरलं. सासरा आन् भिकन कसेबसे काठाला लागले, म्होरक्या एडक्यासकट निम्मी मेंढरं वाहून गेली. ठकू तिसऱ्या दिवशी घावली. त्याच्या पुढचं मी सांगणार नाय.

सासऱ्याला दुःख नव्हतं असं मी म्हणत नाय. तो म्हातारा लई रडला. पण त्याला लाज बी वाटत व्हती. धोंडिबानं ओढ्याच्या तळात वाघूर लावली असं कळलं असतं तर कुणी त्याच्या हवाली एक कोकरू केलं नसतं. म्हणून गाव जमलं तवा तो म्हणाला, "आम्ही वर बसलो व्हतो. आसरांनी खाली ओढून नेलं." पाणी जिथवर चढलं तिथं काडीकचऱ्याची रेघ पडली व्हती. त्या रेघेवर त्यानं एक गोल दगड ठेवला, शेंदूर फासला. आन् घरी आल्यावर भिकनला आन् मला हळूच म्हणाला, "दगडाच्या खाली कधी बसायचं नाय. पाणी तिथवर येतं."

गावासाठी देव झाला आन् आमच्यासाठी खूण राह्यली. गावानं दगडाला निवद दाखवला, खालचं वावर पडीक टाकलं. मग वर डोंगराशी पाझर तलाव झाला, तवापासून ओढा तेवढा मोठा कधी आला नाय. लोक पाणी इसरले. सासरा गेला, भिकन गेला, आन् ही गोष्ट माझ्या एकटीच्या पोटात राह्यली. माझी सून रत्नमाला, चार वर्षं तिला लेकरू नव्हतं. तिनं बी त्याच दगडाची ओटी भरली, आन् अमृता झाली. आता सांगा बरं, तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की बाई, तो दगड माझ्या सासऱ्यानं लाज झाकायला ठेवलाय?

यंदा आषाढात काकासाहेबांचा पुतण्या ऋतुराज शहरातून आला. पांढरे बूट, कानात गाणी ऐकायचं ते बोंडूक. मारुतीच्या पाराला त्यानं मोठ्ठं चित्र लावलं: किल्लादर्शन नगरी, चौसष्ट घरं. हिरवळ, सायकलवरची पोरं, मागं किल्ला. आन् आमचा ओढा? ओढ्याच्या जागी निळं कारंजं! ती घरं कुठं, तर खालच्या वावरात. वरचं वावर पिकतं, खालचं पडीक, मग घरं खालीच की. इतकं सरळ गणित. मी त्या कारंज्यासमोर उभी राह्यले आन् चित्रात बाभळ कुठं दिसते का ते शोधाया लागले.

माझा पोरगा रामप्रसाद वाळूजला कंपनीत जातो. मेंढरं मागल्या सालीच विकली. तो पयल्याच दिवशी नाव नोंदवून आला. मोबाइलवर नकाशा काढून बोट लावायचा. "माय, हे बघ आपलं घर. शेवटचं, कोपऱ्याचं. वाकणावर, बाभळीपाशी. गावचा माणूस म्हणून काकासाहेबांनी मुद्दाम मोकळी जागा दिली."

मला वाचता येत नाय, पण ते वाकण मला डोळे मिटून बी दिसतं. मी म्हणलं, "रामा, तिथं नको रं. तिथं पाणी येतं."

"पाणी? इतके दिवस तर आसरा म्हणत व्हतीस."

"म्हणत व्हते. पण पाणी बी येतं."

"वर तलावाची भिंत हाय ना, माय. आन् ऋतुराज दोन फूट भराव टाकणार हाय. इंजिनियर बघून गेला." तो हसला. "तुझं भ्या तुझ्यापाशी ठेव. अमृताला अंगणात खेळाया जागा हाय तिथं."

अंगण म्हणतो मेला. दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत टेकत तलावाच्या भिंतीवर गेले. भिंतीत झाडं उगवलेली. एका जागी भेग पडलेली, माझा अख्खा पाय आत जाईल एवढी. तलाव निम्मा गाळानं भरलेला. तिथून मी घरी कशी आले मला ठावं नाय. त्या दिवसापासून घास खाली उतरंना. नळाला पाणी सुटलं, हंड्यात धार पडली, तरी मी उठून नळ बंद करायची. अमृता न्हाणीत पाणी उडवून हसायची, आन् मी तिच्या हातातला तांब्या हिसकून घ्यायची. रत्नमाला म्हणायची, "आत्या, असं काय करता?" मी तिच्यावरच डाफरायची.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. घरांना गावाची हरकत नाय, असा ठराव करायचा व्हता. काकासाहेब सरपंच, ते खुर्चीवर, ऋतुराज मागं उभा. ऋतुराज म्हणाला, "आसरा देवीचा पूर्ण मान ठेवू. टाइल्सचं मंदिर, वर कळस. आई म्हणेल तिथं तिला बसवू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकासाहेब म्हणाले, "कुणाला काही बोलायचंय?"

मी उठले. म्हणलं, आता नाय बोलले तर कधीच बोलणार नाय. पण बोलणं नीट निघंना, वरडाच निघाला. "पाणी येतं! दगडाच्या खाली पाणी येतं! लेकरं बुडतील रं, घरं नका बांधू!" डोक्यावरचा पदर पडला, केस सुटले, मला शुद्ध नव्हती.

मागून कुणीतरी किंचाळलं, "आई आली! म्हाळसाबाईच्या अंगात आई आली!"

अरे देवा! मी म्हणते, "आई नाय, मी म्हाळसा हाय, माझं ऐका!" तर बाया म्हणतात, आधी असंच म्हणत्यात. एकीनं माझ्या कपाळाला मूठभर कुंकू फासलं. दुसरीनं पायावर पाणी घातलं. पाणी! रत्नमालानं अमृताला माझ्या पायावर घातलं. रामप्रसाद हात जोडून उभा, माझा पोटचा पोरगा. काकासाहेबांनी टोपी काढली, वाकले आन् म्हणाले, "आई, माझं चुकलं असंल तर पदरात घे. तू सांग, तुला कुठं बसवू? सांगशील तिथं बसवतो."

आन् तिथं मला एकदम कळलं. म्हाळसाचं इथं कुणी ऐकणार नाय. घरं नको म्हणलं तर आईशी बी हे घासाघीस करतील, एका मंदिराची दोन मंदिरं करतील. पण जागा इचारतायत, ती देतील. माझ्या डोळ्यापुढं मोबाइलवरचं रामाचं बोट आलं. मी म्हणाले, "बाभळीखाली. वाकणावर. तिथं दुसरं कुणी राह्यचं नाय."

ऋतुराजनं लगेच कागद बघितला. "चौसष्ट नंबर. तो तर रामप्रसादचा आहे. काही हरकत नाही, त्याला वरच्या रांगेत देऊ." वरची रांग म्हणजे दगडाच्या वरची. सगळ्यांनी आईचा जयजयकार केला आन् ठराव पास झाला.

खरं सांगते, त्या दिवशी मी पोटभर भाकर खाल्ली. माझं लेकरू वाचलं, बाकीचं माझ्याकडं काय? असंच म्हणले मी मनात. माणूस किती हलकट असतं बघा.

चार दिवसांनी वाजंत्री लावून दगड बाभळीखाली न्यायला उचलला. मी वरच्या बांधावर उभी व्हते. दगड गेला आन् जमिनीत नुसता खड्डा राह्यला, ताटलीएवढा. ट्रॅक्टरचं चाक त्याच्यावरून गेलं, खड्डा बी गेला. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. सासऱ्यानं लबाडी केली, पण खूण ठेवली व्हती. मी लबाडी केली आन् खूणच उचलून दिली. आता पाणी कुठवर येतं हे सांगणारं त्या वावरात काही राह्यलं नाय. माझ्या तोंडाला फेस आला. मला घरी धरून आणलं, तर लोक म्हणाले, आई जागा बदलतीय, तरास व्हणारच.

मग दसऱ्याच्या आधीचा रविवार. त्या दिवशी मंदिराची स्थापना आन् घरांची बुकिंग, दोन्ही एकदम. शहरातनं, पार औरंगपुऱ्यापासनं माणसं आली व्हती, रिक्षानं, मोटरसायकलवर, लेकरंबाळं घेऊन. काकासाहेबांनी हुकूम केला, म्हाळसाबाईनंच आईपाशी बसायचं. मी नको नको म्हणले. रामप्रसादनं दंडाला धरून मला खाली नेलं.

सदतीस वर्षांनी मी दगडाच्या जुन्या जागेच्या खाली गेले. उतारावर एकेक पाऊल टाकताना वाटत व्हतं, आता पाण्यात पाय पडतोय. बाभळीखाली, नव्या मंदिरापुढं, सतरंजी टाकली व्हती, तिथं बसवलं. इकडं लख्ख ऊन. तिकडं वेरूळच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालेलं. माझी नजर तिथून हटंना. ओढ्यात घोटा बुडंल एवढंच पाणी, तरी माझे कान त्याच्याकडं. बाया येत व्हत्या, ओटी भरत व्हत्या, लेकरं माझ्या मांडीवर ठेवत व्हत्या. "मावशी, आईच्या पायाशीच घर घेतलं, आता काळजी नाही." एकजण असं म्हणाली. दुसरी बी तेच म्हणाली. मी प्रत्येक लेकराला हात लावला आन् प्रत्येक वेळेला मला ठकूच दिसली.

मग एक पोरगी आली, सुकेशनी नावाची. औरंगपुऱ्यात औषधाच्या दुकानात कामाला. कडेवर सहा-सात म्हयन्यांचं लेकरू, मागं नवरा बुद्धभूषण, चांगला उंचपुरा. ती वाकली नाय. माझ्यासमोर उकिडवी बसली आन् म्हणाली, "मावशी, राग मानू नका, आमच्यात दगडाला हात जोडत नाहीत. तुम्ही जुनं माणूस म्हणून विचारते. पावसाळ्यात इथं पाणी भरतं का हो?"

मी तिच्या तोंडाकडं बघतच राह्यले. इतक्या वर्षांत हा सवाल मला कुणी केला नव्हता. इतका साधा सवाल! गावात कुणीतरी एकदा तरी इचारायचा व्हता. मी मोठ्यानं रडाया लागले.

रामप्रसाद धावत आला. त्याला वाटलं परत अंगात आलं. त्यानं वाकून बघितलं, माझे डोळे शुद्धीवरचे व्हते. तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "माय, गप बस. आपलं घर वर गेलंय ना आता?"

म्हणजे याला ठावं व्हतं. निदान वास तरी लागला व्हता. माझं भ्या कुठं गेलं ठावं नाय, नुसता संताप आला. मी त्याचा हात झटकला. "मेल्या, आपलं वर गेलं, आन् हिचं? हिच्या कडेवर काय बाहुली हाय का?"

मी सुकेशनीला म्हणलं, "येतं, बाई. पाणी येतं. माझी आठ म्हयन्यांची लेक इथं गेली. आसरांनी नेली नाय, पाण्यानं नेली. मी तिला इथं झोळीत बांधून गेले व्हते." आन् तिला फांदी दाखवायला मी मान वर केली. इतका वेळ मी वर बघितलंच नव्हतं, धीरच झाला नव्हता.

फांदी व्हती. माझ्या छातीएवढ्या उंचीवर, तीच. आन् तिच्या लई वर, बाभळीचं खोड जिथं दुभंगतं तिथं, सालीत गिळलेलं काहीतरी व्हतं. काळं पडलेलं, वाटीच्या काठासारखं गोल.

मी उठून उभी राह्यले. आमच्या म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली घंटी! पितळेची, काठाला एका जागी ठेचलेली. ती ठेच माझ्याच हातून पडली व्हती, खुंटी ठोकताना. एडका तिथं अडकला असंल, आन् पाणी उतरल्यावर घंटी राह्यली असंल. झाड तिच्याभवती वाढत गेलं. सासऱ्याची खूण मी पुसली, पण बाभळीनं आपली सांभाळून ठेवली व्हती.

मी सुकेशनीच्या नवऱ्याला म्हणलं, "दादा, ती घंटी दिसती का? मेंढराची हाय. मेंढरू काय झाडावर चढत नाय. हात वर करा."

बुद्धभूषणनं हात वर केला. टाचा उंचावल्या. घंटी अजून दोन वीत वर व्हती.

सुकेशनीनं लेकरू छातीशी घट्ट धरलं. ती घंटीकडं बघत व्हती. काकासाहेब लगबगीनं खाली येत व्हते. "म्हाळसाबाई, काय चाललंय? आईच्या जागेवर असलं बोलू नये."

"तुमच्या आईंना इचारा," मी वरडले, "द्वारकाबाई हायेत अजून! सुपात बाजरी घेऊन त्या उभ्या व्हत्या, तो आवाज त्यांनी बी ऐकलाय! इथं देवी नाय, काकासाहेब. देवी माझ्या सासऱ्यानं केली. आन् ग्रामसभेत बोलली ती मी व्हते, माझ्या पोराचं घर वाचवायला." मग मी सगळ्यांकडं वळले. "या, समदे खाली या. ज्याला इथं घर घ्यायचं त्यानं या झाडाखाली उभं राह्यचं आन् हात वर करायचा!"

कुणी हललं नाय. रामप्रसाद खाली मान घालून उभा व्हता. मला वाटलं, संपलं. आता मला येडी ठरवतील आन् घरी नेऊन कोंडतील.

तवा गर्दीतून रत्नमाला आली. अमृता कडेवर. ती शेंदराच्या दगडासमोर थांबली, त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला तिच्या डोळ्याला डोळा देववंना. ती म्हणाली, "आत्या, वन्संची झोळी कोणत्या फांदीला व्हती?"

मी फांदीला हात लावून दाखवला. रत्नमाला झाडाला टेकून उभी राह्यली आन् तिनं घंटीकडं हात वर केला. तिच्या बांगड्या खाली घसरल्या. अमृताला वाटलं काहीतरी खेळ चाललाय. तिनं माझ्याकडं बघून हसत आपला बी हात वर केला.